वाचनालयात कवयित्रीचं वाचन आणि गप्पा: तुमच्याकडे असे कार्यक्रम कसे होतात?

खाजणकाठ

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मागच्या रविवारी एका कवयित्रीचं कवितावाचन आणि मग त्यांच्याशी गप्पा असा कार्यक्रम झाला. त्यांचं नाव इथे देत नाहीये कारण त्यांना तसं विचारलेलं नाही, पण सिंधुदुर्गातल्याच आहेत, पोस्टात नोकरी करून निवृत्त झाल्यात, प्रमाण मराठीत आणि मालवणीत दोन्हीत लिहितात. कार्यक्रम इतका मनापासून आवडला की सविस्तर लिहावंसं वाटलं, आणि इतरांच्या गावात हे कसं चालतं तेही ऐकायचंय.

आधी व्यवस्थेबद्दल. स्टेज नव्हतं. वाचनकक्षातली लांब टेबलं भिंतीला सरकवली, पेपरचे स्टँड बाहेर पडवीत नेले, आणि मंडपवाल्याच्या खुर्च्या गोलाकार लावल्या. कवयित्री त्याच गोलातल्या एका खुर्चीवर. वेळ दुपारी चारची ठेवली कारण आजूबाजूच्या वाड्यांमधून येणाऱ्यांना शेवटची एसटी गाठायची असते, संध्याकाळी सहाचा कार्यक्रम म्हणजे फक्त बाजारपेठेत राहणाऱ्यांचाच कार्यक्रम होतो. दाराशी प्रत्येकाला कवितांच्या झेरॉक्सचे दोन कागद दिले. ग्रंथपालांनी दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि बसल्या. शाल-श्रीफळ वगैरे जे काय होतं ते शेवटी, पाच मिनिटांत.

त्यांनी सात-आठच कविता वाचल्या. एक कविता वाचायची, मग तिच्यावर बोलणं, कुणी काही विचारलं तर ते, आणि काही कविता त्या बोलण्यानंतर परत एकदा वाचायच्या. हे परत वाचणं मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

एक प्रसंग सांगते. गिरणी संपानंतर मुंबईहून कायमच्या गावी आलेल्या बापावर त्यांची एक मालवणी कविता आहे. बाप पहाटे अंधारात उठून खळ्यात येऊन बसतो, पहिल्या पाळीला जायचंय अशा तयारीने, शर्टाची बटणं लावून, आणि आई त्याला आतून विचारते की एवढ्या पहाटेचे खंय चललात. त्यांनी ही सुरुवात वाचली आणि खोलीत हशा पिकला. मालवणीत नवराबायकोचा संवाद आला की आपल्याकडे हसायचंच असतं अशी सवय झालीये. त्या थांबल्या. चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "ही माझ्या वडलांची गोष्ट आसा. परत सुरवातीपासून वाचतंय." आणि तीच सुरुवात, त्याच सुरात, जराही जास्त गंभीर न करता वाचली. या वेळी कुणी हसलं नाही. कविता संपल्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले, म्हणाले मी लालबागला साच्यावर (म्हणजे गिरणीतल्या मागावर) होतो, आणि मग भोंगा कसा व्हायचा, पाळी बदलताना रस्ता कसा भरून जायचा, खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, सगळं सांगायला लागले. संप सुरू झाला ती १८ जानेवारी १९८२ ही तारीख त्यांनी न अडखळता सांगितली. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते, आणि संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, तो नुसता विरत गेला. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांत त्या वर्षी माणूस पेटी घेऊन परत आला असेल! पण वाचनालयात बसून चारचौघांत त्याबद्दल बोलणं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. ते बोलून झाल्यावर आजोबांनीच सांगितलं, "बाय, आता परत एकदा वाच." तेव्हा त्यांनी ती कविता पूर्ण परत वाचली.

म्हणून मला असं ठामपणे वाटतं की कविता एकदाच ऐकवून टाळ्या घेऊन पुढे जाणं हा कवीवर आणि ऐकणाऱ्यांवर दोघांवर अन्याय आहे. कानाला पहिल्यांदा फक्त आवाज आणि गोष्ट कळते. दहा कविता कमी होऊ देत पण ज्या होतील त्या नीट पोचू देत. आणि हे करायला वाचनालयासारखी दुसरी जागा नाही, कारण इथे माणूस मुळात वाचायला येतो.

तुमचे अनुभव लिहा.

रापण

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर रात्री लिहीन. पण झेरॉक्स वाटायची कल्पना एक नंबर.

कातळसडा

फार छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. मी रत्नागिरीकडे शाळेत मराठी शिकवते. मुलांना कवी म्हणजे पुस्तकातला फोटो, जन्म-मृत्यू आणि टोपणनाव एवढंच माहीत असतं. जिवंत माणूस समोर बसून स्वतःची ओळ खोडतो, परत लिहितो हे त्यांना बघायलाच मिळत नाही. तुमच्या कार्यक्रमाला शाळेतली मुलं होती का? असली तर ती काय बोलली ते लिहा प्लीज.

जुना_वाचक

खाजणकाठ, लेख आवडला पण दोनदा वाचण्याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर या तिघांचं एकत्र कवितावाचन मी तरुणपणी मुंबईत ऐकलेलं आहे. त्यातले दोघे आपल्याच भागातले, विंदा देवगड तालुक्यातल्या धालवलीचे आणि पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. बापट कऱ्हाडचे, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून तयार झालेले, त्यामुळे हजार माणसांसमोर उभं कसं राहायचं हे त्यांना शिकवायला लागत नव्हतं. त्या तिघांनी गावोगाव जाऊन जे केलं त्याने कविता पुस्तकातून निघून सभागृहात आली, जे लोक आयुष्यात कधी कवितासंग्रह विकत घेणार नाहीत ते कविता ऐकायला रांगा लावून आले. तिथे कुणी दोनदा वाचत नव्हतं, कुणाच्या हातात कागद नव्हते, मध्ये चर्चा नव्हती. तरी कविता पोचायची. का? कारण वाचणाऱ्याने प्रत्येक शब्दाला त्याची जागा दिलेली असायची, कुठे थांबायचं हे पक्कं ठरलेलं असायचं.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडचे बरेच कवी वाचनाची तयारीच करत नाहीत. स्वतःचीच कविता असल्यासारखी वाचत नाहीत, मान खाली घालून वहीत बघून भराभर वाचतात, ओळ संपली की श्वास संपतो. ते सुधारलं तर एकदा वाचणंही पुरे होईल. कागद हातात असला की माणूस ऐकत नाही, वाचत बसतो, हा माझा दुसरा आक्षेप.

खाजणकाठ

@जुना_वाचक काका, तयारीबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण हजार माणसांचं सभागृह आणि साठ खुर्च्यांचा वाचनकक्ष यात फरक आहेच ना. सभागृहात कवीने सगळ्यांना एकदम बांधून ठेवायचं असतं, इथे मात्र मागच्या रांगेतल्या आजोबांना बोलायला जागा मिळाली. ती जागा मला जास्त महत्त्वाची वाटते. कागदाचं तुमचं म्हणणं मात्र पटलं, काहीजण खरंच मान वर करत नव्हते. पुढच्या वेळी कागद पहिल्या वाचनानंतर वाटावेत असं मी ग्रंथपालांना सुचवते.

@कातळसडा मुलं होती, आठवी-नववीच्या पाच-सहा मुली. त्यातल्या एकीने विचारलं की कविता पूर्ण झाली हे तुम्हाला कसं कळतं. त्यावर त्यांनी पिशवीतून एक जुनी आखीव वही काढली, पोस्टाच्या मनिऑर्डरच्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले कपटेही होते त्यात रबर लावून, आणि त्या मुलीलाच एका कवितेचे चार खर्डे मोठ्याने वाचायला लावले. चौथ्यात पहिल्यातलं एकच वाक्य उरलं होतं. मुलगी म्हणाली मला तिसरा जास्त आवडला. त्या म्हणाल्या, असेल, मला अजून चौथ्याची खात्री नाही. मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पिवळी_सुरंगी

मी होते त्या कार्यक्रमाला!! खाजणकाठ, आपण बहुतेक एकमेकींना बघितलं असणार. तुम्ही एक लिहायचं राहिलात, मासळी विकणाऱ्या ताईंचा प्रश्न. त्या बाजार आटपून थेट आल्या होत्या, दारातच बसल्या, आत या म्हटलं तर नको म्हणाल्या. गप्पा सुरू झाल्यावर त्यांनी तिथूनच विचारलं, "तुमी ह्या लिवतास ता घरातल्यांका वाचून दाखवतास काय?" सगळे गप्प. मला वाटलं आता काहीतरी ठरावीक उत्तर येणार. तर कवयित्री म्हणाल्या, "पयली जावेक वाचून दाखवतंय. ती सोलां सुकवत आसता, हातात काम आसता म्हणान ऐकता. ती मधीच उठान गेली तर ता कडवा काढून टाकतंय." ताई लगेच म्हणाल्या, "मगे जाव हुशार आसा." आणि त्यानंतर त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या, शेवटपर्यंत होत्या.

बायकांच्या दृष्टीने चारची वेळ फार सोयीची होती हे खास लिहिते. दुपारचं आवरून येता येतं, दिवेलागणीला घरी परत. रात्रीच्या कार्यक्रमांना आमच्यासारख्यांचं येणं होत नाही आणि मग म्हणतात बायका येत नाहीत.

मांडवीकाठी

पणजीहून लिहितोय. आमच्याकडे कविता म्हटलं की बाकीबाब बोरकर आठवणारच, आणि बोरकर म्हटलं की त्यांचं गाऊन म्हणणं. ज्यांनी ते ऐकलंय ते आजही सांगताना डोळे मिटतात. त्याआधी पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झालं, त्या कवींनीही कविता गाऊन दाखवायची पद्धत घरोघर पोचवली. मग आता सगळे कवी नुसतं सपाट वाचन का करतात? कविता गळ्यातून आली तर परत वाचायची गरजच पडत नाही, चाल मनात राहते आणि चालीबरोबर शब्द राहतात. आमच्या घरात लिहितावाचता न येणाऱ्या आजीला ढीगभर ओव्या पाठ होत्या त्या चालीमुळेच. तुमच्या कवयित्रींनी एकही कविता गाऊन म्हटली नाही का?

कातळसडा

@मांडवीकाठी, ओवीचं पटतं, कारण ओवी जात्यावर त्याच लयीत जन्मली. पण सगळ्या कवितांना चाल लावू नका हो. वर्गातला अनुभव सांगते. शार्दूलविक्रीडित म्हटलं की मुलांना एकच चाल येते, मंगलाष्टकांची. मग त्या वृत्तातली कुठलीही कविता दिली की वर्गात लग्न लागतं, प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर लांबवायचा, अर्थ कुठे तुटतो त्याचा पत्ताच नाही. मराठीतली बरीचशी सुनीतं याच वृत्तात आहेत, आणि सुनीतात तर विचार एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाहत जातो, तिथे थांबायचंच नसतं. केशवसुतांनी हा चौदा ओळींचा प्रकार मराठीत आणला तो गाण्यासाठी आणलेला नाही. चाल लावली की ऐकणारा चालीला दाद देतो.

त्यावरून आठवलं, ज्यांनी मालगुंड बघितलं नसेल त्यांनी जरूर जा. गणपतीपुळ्याला हजारो लोक येतात आणि तिथून अगदी जवळ असलेलं केशवसुतांचं जन्मघर न बघता परत जातात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. कोमसापने (कोकण मराठी साहित्य परिषदेने) तिथे स्मारक उभं केलंय, १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झालं. मी मुलांना तिथे नेते आणि अंगणात बसवून एकेकाला एक कविता वाचायला लावते, चाल न लावता, बोलल्यासारखी. घर बघितल्यावर मुलं वेगळं वाचतात.

मांडवीकाठी

मंगलाष्टकांचा मुद्दा मान्य. तरी बोरकरांची कविता सपाट वाचलेली मला सहन होत नाही, हेही लिहून ठेवतो. प्रत्येक कवितेची मागणी वेगळी असते असं म्हणू आणि ते कवीवर सोडू.

रापण

हां, आता सविस्तर. आमच्याकडे (गाव सांगत नाही) गेल्या वर्षी असाच कार्यक्रम झाला आणि तो खाजणकाठच्या कार्यक्रमाच्या बरोबर उलटा. पाहुणे कवी चांगले, लांबून आलेले. पण व्यासपीठावर नऊ माणसं, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रत्येकाचा सत्कार, प्रत्येकाचं मनोगत, मग वर्गणीदारांचे आभार, आणि या सगळ्यात कवी एका टोकाला हातात गुच्छ धरून बसलेले. त्यांच्याकडे माईक आला तेव्हा निम्मी माणसं एसटीसाठी उठली होती. त्यांनी तीन कविता वाचल्या आणि अध्यक्षीय भाषण सुरू झालं. मला इतकी लाज वाटली की त्यांना स्टँडवर सोडायला मी स्वतः गेलो, वाटेत त्यांनी गाडीत दोन कविता म्हणून दाखवल्या आणि त्या दोन कविता हाच माझ्यासाठी कार्यक्रम.

यात कुणाचा वाईट हेतू नसतो हे कळतं. ज्यांनी पैसे दिले त्यांचा मान राखावा लागतो. पण मग मान राखायचा वेगळा कार्यक्रम करा, कवीला त्यासाठी दिवसभर बसवून ठेवू नका.

ग्रंथालयवाली

मी एका 'ब' वर्गाच्या वाचनालयात काम करते, त्यामुळे आतली बाजू लिहिते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आमच्यासारख्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. ते पगारात, पुस्तकखरेदीत, पेपर-मासिकांत, लाइट बिलात संपतं, आणि पगार म्हणजे काय असतो ते विचारू नका. कार्यक्रमासाठी वेगळा पैसा नसतो, म्हणून वर्गणी, म्हणून वर्गणीदार, म्हणून रापण यांनी लिहिलेला सत्कार. हे चक्र असं आहे.

पण त्यातूनही मार्ग निघतो. आम्ही जे करतो ते सांगते. खर्च फक्त दोन गोष्टींवर करायचा, कवीचं मानधन आणि येण्याजाण्याचं भाडं. बॅनर नाही, हार नाहीत, बिसलेरीच्या बाटल्या नाहीत, माठ आहे. चहा आणि काकडीचं धोंडस किंवा खापरोळ्या कुणीतरी घरून करून आणतं आणि ते आनंदाने आणतात. मानधन आधी फोनवर बोलून ठरवायचं आणि पाकीट कार्यक्रमाच्या आधी हातात द्यायचं, शेवटी घाईत कोपऱ्यात नेऊन नाही. कवीला बोलवताना "तुमची पुस्तकं विकली जातील" असं सांगून मानधन टाळणं मला अजिबात आवडत नाही. सुताराला बोलावून कपाट करून घेतो तेव्हा असं सांगतो का आपण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कवी यायच्या महिनाभर आधी त्यांच्या संग्रहाच्या दोन-तीन प्रती विकत घेऊन दर्शनी कपाटात ठेवायच्या. आमच्याकडे कवितेचं कपाट नेहमी सगळ्यात आतल्या भिंतीला असायचं, कुलूप गंजलेलं. ते दाराजवळ आणलं. सभासद कादंबरी बदलायला आले की त्यांना सांगायचं, या महिन्यात हे पण न्या, अमक्या तारखेला या स्वतः येणार आहेत. पाच जणांनी जरी आधी वाचलं असेल तरी गप्पांचा दर्जा बदलतो, नाहीतर सगळे प्रश्न "तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळाली" याच्यावर येऊन थांबतात.

अवांतर: रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. ज्या किनाऱ्यावर जवळजवळ दोनशे वर्षं वाचनालय चालतं तिथे वाचक नाहीत असं कुणी म्हटलं की मला राग येतो. वाचक आहेत, त्यांना बोलवावं लागतं.

दादर_सावंतवाडी

मुंबईत असतो, सगळे प्रतिसाद वाचून गावी असायला हवं होतं असं फार वाटलं. माझे वडीलही गिरणीत होते, खाजणकाठनी लिहिलेली ती कविता मला वाचायला मिळेल का? आणि एक विनंती, असे कार्यक्रम मे महिन्यात ठेवा ना, आम्हा चाकरमान्यांना सुट्टी असते, घरं भरलेली असतात, गर्दी आपोआप होईल.

रापण

@दादर_सावंतवाडी, मे महिना नको. मे महिन्यात इथला माणूस आंब्याच्या पेट्यांत, काजूत, लग्नांत आणि तुमच्या सरबराईत असतो, त्याला दुपारी चारला दोन तास निवांत बसायला सांगणं शक्य नाही. जून-जुलैत मच्छीमारी बंद असते म्हणून कोळीवाड्यातली माणसं मोकळी असतात, पण आमच्या वाचनालयावर पत्रे आहेत, पाऊस लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग गणपती. मग भातकापणी. दिवाळीनंतर जरा उसंत मिळते पण तेव्हा जत्रा सुरू होतात, आणि ज्या रात्री गावात दशावतार आहे त्या दिवशी दुसरं काही ठेवायचं नाही, अर्धी माणसं दुपारपासूनच तयारीत असतात. म्हणजे उरला डिसेंबर ते फेब्रुवारी, आजूबाजूच्या गावांच्या जत्रांच्या तारखा बघून. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून सगळीकडे एकाच दिवशी कार्यक्रम असतात आणि कवी मिळत नाहीत, त्याच्या पंधरा दिवस आधी घ्या. तुम्ही त्या हिशोबाने रजा टाका, राहायला माझ्याकडे या.

जुना_वाचक

ग्रंथालयवाली ताईंचा प्रतिसाद प्रत्येक वाचनालयाच्या कार्यकारिणीने वाचावा असा आहे. एक भर घालतो. गप्पा कोण घेतो हेही ठरवायला हवं. बऱ्याचदा गावातल्या सगळ्यात मोठ्या वक्त्याला हे काम देतात आणि तो प्रश्नाच्या नावाखाली दहा मिनिटं स्वतःच बोलतो. ज्याने संग्रह दोनदा वाचलाय आणि ज्याला गप्प बसता येतं अशा माणसाला द्या, मग तो कुणीही असो.

आणि मालवणीचा जो प्रसंग लिहिलाय त्याबद्दल. मालवणी नाटकांनी आपल्याला भरपूर हसवलं, त्याबद्दल ऋणी आहोत, पण आमच्या घरांत माणसं मेली तेव्हा आम्ही मालवणीतच रडलो. कवितेने ते परत ऐकायला लावलं हे फार बरं झालं.

खाजणकाठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतके सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ग्रंथालयवाली ताई, तुमचा प्रतिसाद आमच्या ग्रंथपालांना छापून दिला, कवितेचं कपाट दाराजवळ आणायचं त्यांनी लगेच मान्य केलं, कुलूपवाल्याला बोलावलंय.

@मांडवीकाठी, त्यांनी एकही कविता गायली नाही. एकाने विचारलं होतं, त्यावर त्या म्हणाल्या की गळा नाही आणि हौसही नाही.

माईकबद्दल दोघांनी व्यपनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय म्हणून इथेच लिहिते. सुरुवातीला स्टँडचा माईक होता, पण मान वहीत गेली की आवाज जायचा, शिवाय पंख्याची घरघर त्यात येत होती. मग माईक बंद केला आणि पंखेही बंद केले, खिडक्या उघडल्या. साठ माणसांना ऐकू येतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी पहिली रांग मोकळी ठेवा एवढंच.

@दादर_सावंतवाडी, कवितेसाठी मी त्यांना फोन केला होता. इथे टाकायला नको म्हणाल्या, पण ज्यांच्या घरातलं कुणी गिरणीत होतं त्यांना स्वतःच्या अक्षरात लिहून पोस्टाने पाठवायला त्या तयार आहेत. पत्ता व्यपनि करा.